मुरलेल्या वाइनचा मुलूख

इटली म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहतात ते व्हेनिसचे कालवे, रोमचे कोलोसियम आणि पिसाचा कललेला मनोरा. प्रवासी कंपन्यांच्या सहलीही बहुधा याच वाटेने जातात. पण याच देशाच्या वायव्य कोपऱ्यात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, पिएमोंते नावाचा एक प्रांत आहे. ‘पिएमोंते’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘डोंगराचा पायथा’. या भागातल्या लहान लहान गावांत दूरदूरचे प्रवासी येतात ते तळघरांत वर्षानुवर्षे मुरत पडलेली तांबडी वाइन चाखण्यासाठी.

‘मुरणे’ हा शब्द मराठी घराला नवा नाही. वर्षभर मुरलेले लिंबाचे लोणचे, बरणीच्या तळाशी राहिलेला मोरांबा, दोन वर्षांचा जुना तांदूळ यांची चव आपण बरोबर ओळखतो. कालच घातलेले लोणचे आणि मुरलेले लोणचे यांत जो फरक, तोच नव्या आणि जुन्या वाइनमध्ये. मात्र लोणच्याची बरणी घरच्या फडताळात फुकट मुरते. वाइन मुरते तेव्हा कोणाचे तरी भांडवल तितकी वर्षे अडकून पडलेले असते. म्हणूनच जुनी वाइन म्हणजे श्रीमंतांची चैन, असे समीकरण होऊन बसले आहे.

हे समीकरण सर्वस्वी खरे नाही, हे पिएमोंतेतल्या तीन गावांत गेल्यावर कळते. बार्बारेस्को, गात्तिनारा आणि कारेमा ही ती गावे. तिन्हीकडे द्राक्ष एकच, तिन्हीकडची वाइन अनेक वर्षे टिकणारी. आणि तिची किंमत बेताचे उत्पन्न असलेल्या इटालियन कुटुंबालाही सणासुदीला परवडावी अशी. मग मुरण्यासाठी लागलेल्या त्या वर्षांचे मोल चुकवतो कोण? त्याचे उत्तर प्रत्येक गावात थोडे वेगळे मिळते.

धुक्यातले द्राक्ष

प्रवासाची सुरुवात करायची ती तोरिनो ऊर्फ तुरीनच्या दक्षिणेला असलेल्या आल्बा या शहरापासून. तानारो नदीकाठचे हे टुमदार शहर. मध्ययुगातले विटांचे मनोरे अजून उभे आहेत, आणि शरद ऋतूत येथे पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या एका सुगंधी कवकाची, मोठी जत्रा भरते. शहराभोवती पसरलेल्या टेकड्यांना ‘लांगे’ म्हणतात. समुद्राच्या लाटा थबकून राहाव्यात तशा एकामागे एक उतरत गेलेल्या या टेकड्यांवर नजर पोहोचेल तिथवर द्राक्षमळे दिसतात. २०१४ मध्ये युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो या भागांतल्या द्राक्षभूमीला जागतिक वारशाचा मान दिला.

इथले मानाचे द्राक्ष ‘नेब्बिओलो’. इटालियन भाषेत ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. हे द्राक्ष इतके उशिरा पिकते की पूर्वी त्याची तोडणी ऑक्टोबरच्या अखेरच्या धुक्यात चाले. त्यावरून हे नाव पडले असे म्हणतात. अलीकडे हवामान तापू लागल्यापासून तोडणी बरीच अलीकडे सरकली आहे.

नेब्बिओलोचा स्वभाव मात्र मोठा हट्टी. त्याच्या सालीत रंग कमी आणि तुरटपणा भारी. नवी वाइन तोंडात घेतली तर हिरडा चघळल्यासारखी जीभ आखडते. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्यांचा. आंबटपणाही कमी नाही. पण गंमत अशी की तरुणपणी त्रास देणारे हे दोन गुणच वाइनला दीर्घायुष्य देतात. लाकडाच्या मोठ्या पिंपांतून अगदी सावकाश हवा लागत राहते, टॅनिनचे लहान कण एकमेकांत गुंफून मोठे होतात, त्यांतले काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणाची धार उतरते. त्याच वेळी ताज्या फळाचा वास मागे पडून गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल, ओली माती असे निराळेच गंध पुढे येतात. रंगही माणकासारखा तांबडा असतो तो विटकरी होत जातो.

या द्राक्षाची सर्वांत नावाजलेली वाइन म्हणजे बारोलो. आल्ब्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या अकरा गावांच्या हद्दीत ती होते. कायद्याप्रमाणे बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ म्हणवून घ्यायचे असेल तर ६२ महिने, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. तिला पूर्वापार ‘राजांची वाइन’ म्हटले जाते आणि आज तिच्या नामांकित मळ्यांच्या बाटल्यांचे भावही तसेच राजेशाही आहेत. परवडणारी जुनी वाइन शोधणाऱ्याने बारोलोचा किल्ला आणि त्यातले वाइनचे संग्रहालय अवश्य पाहावे. खरेदीसाठी मात्र पुढची वाट धरावी.

गरिबीच्या टेकड्या

आज या टेकड्यांवर परदेशी गाड्यांची रांग लागते. तिथे एकेकाळी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, हे सांगून पटत नाही. आल्ब्याचा लेखक बेप्पे फेनोल्यो याने १९५४ मध्ये ‘ला मालोरा’ ही छोटी कादंबरी लिहिली, ती याच टेकड्यांवरच्या सालदार-कुळांच्या दारिद्र्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी तुरीनच्या मोटार कारखान्यांकडे निघून जाऊ लागली आणि द्राक्षमळे म्हाताऱ्यांच्या हाती उरले.

त्या काळात आल्ब्याला एका मिठाईवाल्याने हात दिला. १९४६ मध्ये पिएत्रो फेर्रेरो याने टेकड्यांवर पिकणारे हेझलनट आणि महायुद्धानंतर दुर्मिळ झालेला कोको यांची सांगड घालून एक मिठाई बनवली. तिच्यातूनच पुढे १९६४ मध्ये न्यूटेला जन्माला आले. कारखान्याने कामगारांना शहरात आणून वसवण्याऐवजी गावोगाव बसगाड्या पाठवल्या. माणूस पाळी संपवून संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या मळ्यात परतू लागला. कारखान्याच्या पगारावर घर चालले आणि टेकडीवरची वेल जगली. याच फेर्रेरो कंपनीचा एक कारखाना आज आपल्या पुणे जिल्ह्यात बारामतीजवळ आहे, हे ऐकून मराठी प्रवाशाला आल्बा एकदम जवळचे वाटू लागते.

पाद्रीबाबांची सहकारी संस्था

आल्ब्यापासून थोड्याच अंतरावर बार्बारेस्को हे गाव लागते. वस्ती जेमतेम सहा-सातशेची. एकच मुख्य रस्ता, त्याच्या टोकाला तानारो नदीवर पहारा देणारा मध्ययुगीन मनोरा, मध्ये चर्च आणि चर्चसमोर सहकारी वाइन संस्थेची इमारत. ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ म्हणजे बार्बारेस्कोचे उत्पादक. परवडणाऱ्या जुन्या वाइनचा शोध घेणारा जगातला कोणताही शौकीन या दारापाशी आल्याशिवाय राहत नाही.

तिची हकिकत महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीची वाटेल. एकोणिसाव्या शतकात इथल्या शेतकऱ्याला आपली द्राक्षे आल्ब्याच्या बाजारात नेऊन व्यापारी देईल त्या भावाला विकावी लागत. १८९४ मध्ये आल्ब्याच्या वाइनविद्यालयाचे प्रमुख दोमित्सियो कावात्सा यांनी गावातल्या नऊ बागाईतदारांना एकत्र करून पहिली सहकारी संस्था काढली आणि वाइनला गावाचे नाव दिले. १९२० च्या दशकात फॅसिस्ट राजवटीत ती बंद पडली. शेतकरी पुन्हा व्यापाऱ्यांच्या हाती गेले.

पुढे १९५८ मध्ये गावचे पाद्री दोन फिओरिनो मारेंगो यांच्या लक्षात आले की हे असेच चालले तर चर्चमध्ये प्रार्थनेला यायलाही कोणी उरणार नाही. त्यांनी १९ लहान शेतकऱ्यांना जवळ बसवून संस्था पुन्हा उभी केली. स्वतःची इमारत नव्हती, तेव्हा पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्याच तळघरात तयार झाली! प्रवरानगरला ऊस उत्पादकांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या आसपास. दोन्हीकडचे दुखणे एक होते आणि औषधही एकच निघाले.

आज संस्थेचे पन्नासहून अधिक सभासद आहेत. सभासदाने आपले सगळे नेब्बिओलो संस्थेलाच घालायचे आणि प्रतीप्रमाणे भाव घ्यायचा, असा रिवाज आहे. साध्या बार्बारेस्कोला कायद्याने २६ महिने मुरावे लागते, रिझेर्वाला ५०. ज्या वर्षी पीक उत्तम, त्या वर्षी संस्था नऊ मळ्यांची रिझेर्वा वेगवेगळी बाटलीबंद करते. पीक बेताचे असेल तर त्या नऊ मळ्यांचाही माल साध्या बाटलीतच मिसळला जातो. त्यामुळे साध्या बाटलीचा दर्जा पडत नाही. एकट्या शेतकऱ्याला चार-पाच वर्षे पैशांवाचून थांबणे शक्य नसते. पन्नास जणांनी मिळून थांबले की तेच ओझे प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते. इथल्या माफक भावामागचे गुपित एवढेच आहे.

गावातले सान दोनातो हे जुने चर्च आता एनोतेका झाले आहे. एनोतेका म्हणजे जिथे अनेक उत्पादकांच्या वाइन चाखून मग विकत घेता येतात, अशी जागा. एकेकाळच्या प्रार्थनागृहात भिंतींना लागून बाटल्यांच्या ओळी, आणि मध्ये पेले हाती घेऊन हळू आवाजात बोलणारी माणसे. तिथे आवाज आपोआपच खाली येतो.

स्वस्त आणि परवडणारे

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘परवडणारे’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द एक नव्हेत, हे इटलीने १९८६ मध्ये फार मोठी किंमत देऊन शिकले. त्या वर्षी हलक्या वाइनचा कडकपणा वाढवण्यासाठी काही भेसळखोरांनी तिच्यात मिथेनॉल मिसळले. विसाहून अधिक माणसे दगावली, कित्येकांची दृष्टी गेली. इटालियन वाइनची परदेशातली मागणी कोसळली आणि या भेसळीशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रामाणिक शेतकऱ्यांच्या मालाकडेही लोक संशयाने पाहू लागले.

त्यानंतर तपासण्या कडक झाल्या आणि ग्राहकही शहाणा झाला. बाटलीच्या मानेवरची सरकारी पट्टी, ‘डी.ओ.सी.जी.’ ही सर्वांत वरच्या प्रतवारीची अक्षरे, हंगामाचे वर्ष आणि बाटलीबंद कोणी केली त्याचा उल्लेख, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय जाणता इटालियन माणूस बाटली उचलत नाही. शंकास्पद स्वस्त वाइनच्या पाच बाटल्यांपेक्षा खात्रीची एक बाटली बरी, हा धडा त्या पिढीने घेतला.

भातशेतीपलीकडचा ज्वालामुखी

लांगे सोडून उत्तरेला निघाले की टेकड्या संपतात आणि सपाट मैदान लागते. एप्रिल-मे महिन्यांत या मैदानात पाणी तुंबवलेले असते आणि दूरवर मोंते रोझाच्या बर्फाच्छादित शिखरांचे प्रतिबिंब त्यात पडते. ही वेर्चेल्लीची भातशेती. इटलीत भात पिकतो हेच अनेकांना ठाऊक नसते! कोकणातल्या लावणीची आठवण करून देणारी ही शेते पूर्वी बायकाच बेणत असत. गुडघाभर पाण्यात वाकून दिवसभर काम करणाऱ्या त्या मजूर बायकांना ‘मोंदिने’ म्हणत.

भातशेती संपता संपता सेझिया नदीच्या काठी गात्तिनारा येते. सम्राट पाचव्या चार्ल्सचा मुख्य मंत्री मेर्कुरिनो दी गात्तिनारा हा याच गावचा. राजदरबारात गावच्या वाइनची शिफारस त्यानेच केली असे सांगतात. नदीच्या पलीकडच्या काठावर गेम्मे हे गाव आहे. तिथे ‘रिचेत्तो’ नावाची मध्ययुगीन तटबंदी आजही पाहायला मिळते. लुटारू आले की गावकरी आपले धान्य आणि वाइनची पिंपे या तटाच्या आत नेऊन ठेवत. वाइन म्हणजे गावाची ठेव होती, याचा हा दगडी पुरावा.

इथली माती लांगेहून अगदी वेगळी. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे एक प्रचंड ज्वालामुखी होता. त्याचा तांबूस, कठीण, आम्लधर्मी दगड गात्तिनाराच्या मळ्यांत पायाखाली कुरकुरतो. नेब्बिओलोला येथे ‘स्पान्ना’ म्हणतात. गात्तिनारा किमान ३५ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी २४ महिने लाकडात. रिझेर्वा ४७ महिने. म्हणजे मुरण्याच्या बाबतीत ही बारोलोच्या मागे फारशी नाही. मग तिचा भाव बारोलोच्या मानाने उतरता का?

कारण लोक तिला विसरले. एकोणिसाव्या शतकात या उत्तरेकडच्या टेकड्यांवर हजारो हेक्टर द्राक्षमळे होते आणि इथल्या वाइनचे नाव बारोलोच्या बरोबरीने घेतले जाई. मग वेलींच्या मुळांना लागणारी फिलॉक्सेरा ही कीड आली. पाठोपाठ दोन महायुद्धे झाली. जवळच्या बिएल्ला शहरातल्या लोकरीच्या गिरण्यांनी महिन्याला रोख पगार देऊ केला. पोटाला चिमटा काढून वेल जपण्यापेक्षा गिरणीचा भोंगा बरा, असे माणसांना वाटले तर त्यांत नवल नाही. आल्ब्याच्या कारखान्याने माणसाला संध्याकाळी मळ्यात परत पाठवले. इथे मळे जंगलाने गिळले. आज टेकडीवर फिरताना झाडीच्या आत अचानक जुन्या द्राक्षमळ्याचा दगडी बांध पायाशी येतो. सगळ्या भागात मिळून आता काही शे हेक्टर मळे उरले आहेत. १९९० मध्ये गात्तिनाराला आणि १९९७ मध्ये गेम्मेला वरची प्रतवारी मिळाली तेव्हा कुठे पुन्हा लागवड होऊ लागली.

दगडी खांबांचा मांडव

तिसरे गाव कारेमा. तुरीनहून आओस्ताच्या खोऱ्याकडे जाताना दोरा बाल्तेआ नदीच्या काठाने डोंगर जवळ येत जातात, दरी चिंचोळी होते आणि पिएमोंते प्रांताच्या अगदी शेवटच्या टोकाला हे गाव डोंगराच्या कुशीत बसलेले दिसते. गावामागे उभा कडा, आणि त्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले मळे.

नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराला येथे पाऊल टाकताच ओळख पटेल, कारण इथेही वेल मांडवावर चढवलेली आहे! फरक एवढाच की मांडवाचे खांब चुन्या-दगडाचे, जाडजूड आणि वर निमुळते होत गेलेले. दिवसभर ऊन खाऊन हे खांब तापतात आणि डोंगरातल्या थंड रात्री ती ऊब वेलीला देतात. पायऱ्यांचे बांध पूर्वजांनी हातांनी रचलेले. त्यांवर माती चढवलेली तीही पाठीवरून वाहून आणलेली. या उतारावर यंत्र चालत नाही. छाटणीपासून तोडणीपर्यंत सारे काम हातानेच.

गावाचे द्राक्षक्षेत्र सारे मिळून वीसएक हेक्टरांच्या घरात आणि एकेकाची जमीन मोजायची ती गुंठ्यांत. १९६० मध्ये इथल्याही शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. पण इतक्या लहान तुकड्यावर घर चालत नाही. खाली इव्रेआ शहरात ओलिव्हेत्तीचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना होता. कारेमाची माणसे तिथे कामाला जात आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यात राबत. म्हणजे कारेमाच्या बाटलीची किंमत इतकी वर्षे कमी राहिली ती एका अर्थी टंकलेखन यंत्रांच्या जिवावर. कारखान्याचे वैभव गेल्यावर मळ्यात राबणारे हात म्हातारे होत गेले आणि वरच्या पायऱ्या एकेक करून ओस पडल्या.

कारेमाला कायद्याने २४ महिने मुरावे लागते, रिझेर्वाला ३६. नावाजलेल्या मळ्याच्या एका बारोलोच्या पैशांत कारेमाच्या दोन-तीन बाटल्या सहज येतात. चाखणाऱ्याला हा सौदा फायद्याचा वाटतो. पण त्या मांडवाखाली उभे राहून, वाकलेल्या पाठीने बांधाचा निसटलेला दगड पुन्हा बसवणारा एखादा म्हातारा शेतकरी पाहिला की फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तीन पेले, एक द्राक्ष

आता तिन्ही गावांच्या साधारण दहा वर्षे जुन्या बाटल्या एका टेबलावर मांडल्या तर काय दिसेल? अशी तुलना करण्याची रीत सोपी आहे. बाटल्या आदल्या दिवशी उभ्या ठेवाव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बूच अलगद काढून वाइन सावकाश ओतावी आणि गाळ दिसू लागताच थांबावे. गाळ अपायकारक नसतो, फक्त तोंडात कचकच लागते. पेला तिसऱ्या हिश्शाइतकाच भरायचा. खाली पांढरा कपडा असावा, म्हणजे रंग नीट कळतो. आधी पाहायचे, मग पेला गोल फिरवून वास घ्यायचा, आणि शेवटी लहानसा घोट तोंडभर फिरवायचा. चाखून झाल्यावर थुंकण्यासाठी प्रत्येक एनोतेकात भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात कोणालाही संकोच वाटत नाही.

पहिला पेला कारेमाचा, कारण ती सर्वांत नाजूक. रंग इतका फिका की पेल्यापलीकडची बोटे दिसावीत. वास गुलाबाचा आणि डोंगरी वनस्पतींचा. चव हलकी, आंबूस, पण लांबवर रेंगाळणारी. जोराने बोलणाऱ्यांच्या घोळक्यात एखादी मितभाषी बाई असते तशी ही वाइन. तिच्याकडे लक्ष द्यावे लागते, आणि दिले की विसरता येत नाही.

दुसरा गात्तिनाराचा. हिच्यात फळापेक्षा मातीचा आणि दगडाचा गुण अधिक. तापल्या लोखंडावर पाणी शिंपडावे तसा किंचित वास, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, धारदार आंबटपणा आणि जिभेच्या कडांना जाणवणारी खारट झाक. पहिल्या घोटाला ती कठोर वाटते. अर्धा-एक तास पेल्यात राहू दिली की सैलावते.

तिसरा बार्बारेस्कोचा. हा सर्वांत भरदार. इथल्या नेब्बिओलोची जुनी ओळख ‘गुलाब आणि डांबर’ अशी सांगतात, ती येथे तंतोतंत पटते. वर ज्येष्ठमध, सुकलेले चेरीफळ आणि पावसाळ्यानंतरच्या पाचोळ्याचा वास. दहा वर्षांनंतरही तुरटपणा शिल्लक असतो, पण तो आता हिरड्यासारखा लागत नाही, पिकल्या जांभळासारखा लागतो.

यांत पहिला नंबर कोणाचा? जेवणाला काय आहे यावर ते अवलंबून. वाइनमध्ये तासन्तास शिजवलेले मांस असेल तर बार्बारेस्को. भात, घेवडा आणि मांस घालून केलेल्या नोव्हाराकडच्या ‘पानिशा’बरोबर गात्तिनारा किंवा गेम्मे. डोंगरातले तोमा चीज आणि मक्याच्या पिठाचा ‘पोलेंता’ असेल तर कारेमा. शाकाहारी प्रवाशाने चीजचा पर्याय धरावा. आन्योलोत्ती नावाच्या चिमटी घेऊन मुडपलेल्या छोट्या करंज्या इथे फार प्रसिद्ध आहेत, पण त्यांत बहुधा मांस भरलेले असते, तेव्हा विचारून घेतलेले बरे.

मुरली म्हणजे सुधारलीच, असेही नव्हे. जगातली बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ती ठेवली तर फक्त शिळी होते. खराब बुचामुळे बाटली बिघडली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. अशी बाटली दुकानदाराला दाखवावी. साठवण उन्हात किंवा उबेत झाली असेल तर उत्तम वाइनचीही माती होते. म्हणून जुनी बाटली घ्यायची ती जिथे तिचे आयुष्य गेले त्या थंड तळघराच्या दारातच घेतलेली उत्तम.

पिएमोंतेबाहेरही असा शोध घेता येतो. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या वाल्तेल्लिनात नेब्बिओलोच ‘किआव्हेन्नास्का’ या नावाने डोंगरपायऱ्यांवर पिकते. फ्लोरेन्सच्या ईशान्येला कियांती रुफिना आहे. दक्षिणेत आल्यानिको या द्राक्षाची ताउरासी किमान तीन वर्षे मुरते आणि तिला ‘दक्षिणेची बारोलो’ म्हणतात. नाव जितके कमी गाजलेले, तितकी वर्षे स्वस्तात मिळतात, हा नियम सगळीकडे लागू पडतो.

पण हा नियम फार काळ टिकू नये, असेच कारेमाच्या माणसाला वाटत असणार. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काही तरुण मंडळी तिथे परतली आहेत. झाडीत बुडालेल्या पायऱ्या साफ करून त्यांनी जुने मांडव पुन्हा उभे केले आहेत, आणि त्यांच्या बाटल्यांचे भाव सहकारी संस्थेपेक्षा चढे आहेत. जुन्या गिऱ्हाइकांची थोडी कुरकुर होते. मात्र दगड वाहणाऱ्याला दगडाचे मोल मिळाले नाही तर पुढच्या पिढीला चाखायला काहीच उरणार नाही, हे त्यांनाही कळते. बार्बारेस्कोच्या पाद्रीबाबांनी १९५८ मध्ये ओळखले होते ते हेच. वाइन मुरायला तळघर लागते, त्याआधी गावात माणूस टिकावा लागतो.

जायचे असेल तर

मिलान किंवा तुरीनपर्यंत विमानाने जावे. तुरीनहून आल्ब्याला रेल्वे आहे. पुढच्या गावांसाठी भाड्याची मोटार किंवा टॅक्सी सोयीची. मे-जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध हे उत्तम दिवस. तोडणीच्या दिवसांत मळेवाले कामात गढलेले असतात, तेव्हा आधी कळवून वेळ ठरवावी. रविवारी आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी बरीच दारे बंद असतात. इटलीत मद्य घेऊन गाडी चालवण्याविरुद्धचा कायदा कडक आहे. म्हणून गाडी चालवणाऱ्याने चाखून थुंकावे किंवा सरळ पाण्याचा पेला घ्यावा. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी किल्ले, मनोरे आणि आल्ब्याची हेझलनटची मिठाई आहेच. परतताना बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात आणि सीमाशुल्काचे नियम आधी पाहून घ्यावेत. घरी आल्यावर मात्र लगेच उघडू नयेत. इतकी वर्षे थांबलेली वाइन प्रवासाचा शीण घालवायला आणखी दोन आठवडे मागते, ते तिला द्यावेत.